दोन वितींची रिंग

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी रिंग आहे. देडतलाईजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, दहा फूट उंचीवर मला खांबाला बसवलं आहे. बास्केटबॉलचा चेंडू माझ्यातून खाली पडावा, एवढंच माझं काम.

आधी मी बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव होते. केळीची शेती करणाऱ्या लीलाधरभाऊंची मुलगी वैजयंती बुऱ्हाणपूरला हा खेळ पाहून आली आणि हट्टाला पेटली. भाऊंनी सुकलाल लोहाराला सांगितलं, "दोन वितींची रिंग करून दे." भाऊंचा पंजा फावड्याएवढा, सुकलालचा बेताचा. त्यानं आपल्याच विती मोजल्या आणि मी चार बोटं अरुंद निघाले.

चूक कोणाच्या लक्षात आली नाही. वैजयंतीचे चेंडू मी सारखे परत पाठवायचे आणि ती पुन्हा टाकायची. शहरातली रिंग तिला पहिल्यांदा विहिरीएवढी वाटली, असं ती सांगते. पुढे ती पगारी खेळाडू झाली. अकरा वर्षं परराज्यांत खेळली, पेपरात फोटो आले. माझं नाव कुठंच आलं नाही. यायचं कारणही नव्हतं.

इकडे मैदान ओस पडलं. भाऊंनी केळीचे घड तोलायचा काटा साखळीनं माझ्या गळ्यात अडकवला. ट्रक थेट खांबाशी लागू लागले. ओझ्यानं मी पुढे वाकले.

गुडघा दुखावल्यावर वैजयंती गावी परतली आणि सरपंचपदाला उभी राहिली. 'मैदान पोरांना परत देईन,' हे तिचं वचन. भाऊ तिच्यासाठी दारोदार फिरले. ती निवडून आली, पण दोन महिने झाले तरी काटा जागचा हलला नाही. सरपंचाच्या बापाचा काटा काढणार कोण?

एका सकाळी भाऊ घड तोलत होते, वैजयंतीही मैदानावर होती. तेवढ्यात नववीतली भूमिका चार मुलींना घेऊन आली.

"ताई, रविवारी खकनारला सिलेक्शन आहे. आम्ही प्रॅक्टिस कुठं करायची?"

वैजयंतीनं काट्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. भाऊ म्हणाले, "बेटा, तुझ्यासाठीच लावली होती ना रिंग? मग घरच्यांनी वापरली तर काय बिघडलं?"

"बाबा, लोक हेच तर बोलून राहिले, की ती घरची आहे."

तिनं शाळेतली शिडी आणली आणि दुखऱ्या गुडघ्यानं वर चढू लागली. भाऊ रागानं बाजूलाच उभे होते. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय लटपटला. तेव्हा ते पुढे झाले आणि त्यांनी शिडी धरली. साखळी सुटली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मला सरळ करायला सुकलालच आला. आता म्हातारा झालाय. आपली जुनी चूक त्यानं ओळखली आणि वितींचा घोटाळा तिला सांगून टाकला.

"वैजू, आता बराबर मापाची करून देऊ का?"

"नको काका. तुमच्याच विती राहू द्या."

मित्रांनो, मैदान रिकामं दिसलं म्हणून त्यावर आपलं ओझं टांगू नका. ते कोणाची तरी वाट पाहत असतं.

भूमिकाचा पहिला चेंडू माझ्या कडेवर आपटून बाहेर गेला. भाऊंनी तो उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या हातात परत दिला.