बारशातलं कुर्रर्र

"सर, कुचला न खाताच कुणी कुचला खाल्ल्यासारखं मरतं का?"

हॉलमधली सगळी डोकी वळली. विश्रामबागच्या कॉलेजात आम्हा शाळेतल्या मुलींसाठी मेंदूवर व्याख्यान होतं. "विचारून दाखव, भडंगाची पुडी आमच्याकडून," अशी पैज शालू आणि मनूनं लावलेली. त्या दोघी आता बाकाखाली. मी मात्र उभी! वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाला भीत नाही.

"कोण गेलं, बाळ?" सरांनी हळूच विचारलं.

"माझा भाऊ."

मग सगळं सांगितलं. बारशाला चंपाआत्यानं त्याच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि पाळण्यातलं पोर लाकडासारखं ताठलं. निळं पडलं. पुढं भांडं पडलं तरी ताठायचं. गल्लीतलं कुत्रं कुचल्याचं विष खाऊन साध्या टाळीला तसंच ताठलेलं मी पाहिलं होतं. एक दिवस दार आपटलं, आणि बाळ परत सैल झालंच नाही. तेव्हापासून घरात आत्याचं तोंड वाईट ठरलं. आता आईला पुन्हा दिवस गेलेत.

सरांनी फळ्यावर दोन पेशी काढल्या, मध्ये फट ठेवली. "ही पेशी निरोप सोडते, 'सैल हो.' तो झेलायला पलीकडच्या पेशीवर प्रथिनं बसलेली असतात. कुचला त्यांनाच अडवतो. तुझ्या भावाची ती जन्मापासूनच जागेवर नसतील. हा माझा अंदाज हं."

"त्यांना जागेवर कोण धरून ठेवतं?"

"सूक्ष्मदर्शकातून तिथं नुसता काळपट थर दिसतो. त्यात काय काय आहे, अजून कुणालाच नीट ठाऊक नाही."

"म्हणजे कुर्रर्रमुळं नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. आत्या सुटली!

"नाही. पण पुढच्या मुलालाही ते असू शकतं. आणि यावर औषध मला माहीत नाही."

भडंग मी शालूलाच देऊन टाकलं. आत्याला सोडवायचं तर हेही आईला सांगायला लागणार होतं.

घरी आत्या ट्रंक भरत होती. "जाते गं चिकोडीला. माझ्या तोंडानं एक गेलं, तेवढं बास."

आई पोटावर हात ठेवून भिंतीकडं बघत होती. राहा म्हणाली नाही. आप्पा म्हणाले, "बारसं झालं की ये म्हणं परत."

मी जाऊन ट्रंकेवर बसले.

"ऊठ की गं पोरी," आत्या म्हणाली.

"न्हाई उठणार. आई, दोष आत्याच्या तोंडात नव्हता. बाळातच होता, जन्मापासून. येणाऱ्यातही असेल. औषध न्हाई."

आईनं पोटावरचा हात काढला. मला वाटलं, मी गप्प बसायला हवं होतं. पण आता थांबता येईना.

"आप्पा, मी ठरवलंय. बारशाला कसलाच आवाज न्हाई. कुर्रर्र न्हाई, धपाटे न्हाई. नाव मनातल्या मनात ठेवायचं. आणि ते आत्याच ठेवणार."