कापून आणलेली साल

जावयानं साल कापून आणली. आमच्या बिग सायप्रसच्या दलदलीतल्या वस्तीत लग्न झालं की नवरा बायकोकडे राहायला येतो, सासूच्या अंगणात, सासूच्या डोळ्यांसमोर. इतकी वर्षं डोळ्यांसमोर राहून एवढं कळू नये? पाल्मेटो ताडाच्या खोडावरची तपकिरी जाळीदार साल पुरुषांनी दलदलीत जाऊन सोलायची, अखंड आणायची आणि बाईच्या पुढ्यात टाकायची. त्या सालीच्या आम्ही बायका बाहुल्या शिवतो. सालीतून बाहुलीचं डोकं कुठलं निघेल आणि अंग कुठलं, हे जिची बाहुली तिनं ठरवायचं. दुसऱ्यानं कापणं म्हणजे माझा घास चावून मला देणं.

व्हर्जिल त्याचं नाव. त्याच्या कुळाचं नाव वारा. वारा निदान आवाज तरी करतो. हा गाडी थांबवतो, माझ्या झोपडीच्या फळ्यांच्या ओट्यावर गठ्ठा ठेवतो आणि चालू लागतो. मी गठ्ठा सोडला तर आत तुकडेच तुकडे. मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला.

लॉटी, माझी लेक, चुलीपाशी आमच्याकडची भोपळ्याची तेलातली भाकरी तळत होती. मी तिच्यापुढे गठ्ठा आपटला.

"तुझ्या नवऱ्याला कापायला कुणी सांगितलं?"

"मी नाही."

"म्हणजे मी म्हातारी झाले, असं त्याला वाटतं."

"आई, ते मलाही वाटतं. पण मी बोलते का?"

"आत्ता काय केलंस मग?"

"भाकरी खा," ती म्हणाली.

मी भाकरी घेतली नाही. राग खरा कशाचा होता ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पावसाळ्यापासून माझी बोटं सुजतात. साल चिवट असते, तिच्यावर कात्री मिटवायला जोर लागतो, आणि तो जोर माझ्यात उरलेला नाही. फेब्रुवारीच्या जत्रेत माझ्या बाहुल्या नाहीत असं कधी घडलेलं नाही. यंदा घडणार होतं. साल आणायला मी व्हर्जिलला पाठवलं ते लोकांना दाखवायला. आणली की आढ्याला टांगायची, आणि जत्रा जवळ आली की म्हणायचं, साल बिघडली, बघा. अख्ख्या सालीबद्दल असं खपून गेलं असतं. कापलेली साल टांगून ठेवता येत नाही. ती समोर पडून राहते आणि म्हणते, शिव.

खोट काढायची म्हणून मी लहानांतला एक तुकडा उचलला. डोक्याला धागे उभे लागतात. मानेशी दोरा आवळला की गाल गोल भरतात. आडवे असले तर सुरकुत्या पडतात आणि बाहुली माझ्या वयाची दिसते. धागे उभे होते. दुसरा तुकडा उचलला, उभेच. सगळा ढीग उलथा केला. एकही आडवा निघेना, तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

मग सुई घेतली. सुई मला अजून धरता येते. कापूस भरला, दोरा ओढला, गाल भरले. पांढऱ्या-काळ्या दोऱ्यानं डोळे घातले, लाल दोऱ्यानं तोंड. अंग शिवलं. आमच्या बाहुलीला हात नसतात, खांद्यांवरून घेरदार कापड येतं, आत कोण बघतंय? बाई नशिबाची, तिची बोटं सुजत नाहीत.

ती मांडीवर घेऊन मी बसले. माझ्या आईनं रस्त्याकडेला बाहुल्या मांडून आम्हाला वाढवलं आणि अगदी शेवटच्या हिवाळ्यापर्यंत शिवत राहिली. तिची बोटं माझ्यापेक्षा वाकडी होती. तिला साल कोण कापून देत होतं? मी कधी पाहिलंच नाही. कुणीतरी देत असणार, आणि तिनं घेतलीच असणार. त्या माणसाचे आभार कुणी मानले की नाही, देव जाणे.

मी व्हर्जिलला हाक मारली. तो आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"कुणाला विचारून कापलीत?"

"बाहुलीला."

"ती काय म्हणाली?"

"लॉटीच्या पेटीतली तुमची जुनी बाहुली उसवली. तुकडे पसरून मापं घेतली. मग परत शिवली."

"तुम्ही शिवली?"

"तिची मान आता वाकडी आहे," तो म्हणाला. "लॉटीला सांगू नका."

मला हसू येत होतं, ते मी गिळलं. "आणि माझ्या हातांचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. कोंबडी कापायला तुम्ही लॉटीला हाक मारायला लागलात. आई, तुम्ही सुरी कधी कुणाच्या हातात दिली होती?"

त्यानं बोटांकडे पाहिलं नाही, बाहुलीकडे पाहिलं. तेवढं शहाणपण त्याच्यात आहे. मी बाहुली त्याच्या हातात दिली. त्यानं तिची मान चाचपून पाहिली, मग गाल.

मी म्हणाले, "हे बघा जावईबापू, लॉटीनं तुम्हाला निवडलं तेव्हा मी तुम्हाला ओंडका म्हणाले होते, आणि ते मी मागे घेत नाही. पण माझ्या बाहुल्या यंदा जत्रेत बसणार आहेत त्या तुमच्यामुळे. मी जिवंत आहे तोवर माझी साल तुम्हीच कापायची, दुसऱ्या कुणी हात लावला तर मी त्याचा हात मोडेन."