मोजफळीवरचा बर्फ

ऑर्विन लाहटीला संशय यायला फार काही लागत नसे. चाळीस वर्षं खनिजाच्या मालगाड्या हाकल्यावर माणसाला हिरवा सिग्नलसुद्धा दोनदा बघायची खोड लागते. पण या वेळी आपल्याकडे पुरावा आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

सोसायटीचा नियम साधा होता. टपालपेट्यांच्या मागे एक पांढरी फळी ठेवलेली, तिच्यावर मोजपट्टी उभी ठोकलेली. सकाळी सहाला चेअरमन लाइल स्कोगस्टाडनं जाऊन बघायचं. बर्फ दोन इंच भरला तर कंत्राटदाराला फोन, की ट्रक येऊन रस्ता साफ. कमी भरला तर सोसायटीचे हात वर, ज्याचं त्यानं बघावं. बत्तीस घरांनी सह्या करून हा शहाणपणा मान्य केला होता. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या थंडीत एवढी माणसं एका लाकडी फळीच्या भरवशावर झोपत होती आणि वर त्याला नियमावली म्हणत होती.

ऑर्विनची बायको आर्डिस हिची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला डायलिसिस. रस्ता साफ नसेल तर सोसायटीतून बाहेर पडायचा चढ त्याची गाडी काही चढत नसे. जानेवारीत दोनदा फळीवर जेमतेम अर्धा इंच निघाला, ट्रक आला नाही, आर्डिस घरीच राहिली. दोन्ही वेळा ऑर्विनच्या कठड्यावर चार इंच होता. त्यानं स्वतः पट्टी लावून मोजला होता. दुसऱ्या वेळेनंतर तिचे पाय इतके सुजले की डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आता चुकवू नका. पुढची वेळ हृदयावर जाईल." तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

"इथे चार आणि तिथे अर्धा?" तो आर्डिसला म्हणाला. "कुठंतरी पाणी मुरतंय. बर्फ काय घरं बघून पडतो?"

"वाऱ्यानं उडाला असेल," आर्डिस वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली.

"वारा! त्या वाऱ्याचं नाव लाइल स्कोगस्टाड. मी निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिलो ते अजून त्याच्या पोटात आहे."

"तुला तीन मतं पडली, ऑर्व. त्यातलं एक माझं, एक तुझं. एवढ्यासाठी कोण राग धरतंय?"

ऑर्विनला पटलं नाही. लाइलच्या जागी तो स्वतः असता तर त्यानं नक्की धरला असता.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पुन्हा रात्रभर बर्फ पडला. एरवी ऑर्विन साडेसहाला उठे, तोवर कॉफी तयार असे आणि टपालपेटीपाशी पडलेलं वर्तमानपत्र आर्डिसनं आणून टेबलावर ठेवलेलं असे. कमरेच्या ऑपरेशननंतर तेवढंच चालणं होतं, असं ती म्हणे. त्या दिवशी तो पावणेसहालाच उठला. पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती, न्हाणीघरात दिवा होता. तिला कळू न देता तो गॅरेजच्या दारानं बाहेर सटकला.

टपालपेट्यांपाशी दिव्याखाली लाइल उभा होता. फळी कोरडी ठणठणीत, भोवती पाच इंच बर्फ, आणि हा सोसायटीचा मानकरी बुटांनी जमिनीवरच्या पावलांच्या खुणा पुसत होता.

"सापडलास!" ऑर्विन ओरडला.

लाइल दचकला. "ऑर्विन? तू इतक्या लवकर कसा?"

"फळी झाडलीस आणि आता माग मिटवतोयस! माझी बायको आहे ती, लाइल. तीन मतांसाठी जीव घेणार आहेस का तिचा?"

टपालपेटीच्या रंगावरून सभेत पाऊण तास भांडणारा लाइल आज न भांडता खुणा पुसत राहिला. ते बघून ऑर्विन आणखीच पेटला.

"घरी जा," शेवटी लाइल म्हणाला. "ट्रक निघालाय. पाच इंच म्हणून सांगितलंय मी."

"फळीवर काही नसताना?"

"दर वेळी सांगतो. जानेवारीत दोनदा मी बहिणीकडे फार्गोला होतो, तेव्हा सेक्रेटरीनं फळी वाचली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत..." लाइलनं जीभ चावली.

"काय माहीत नाही त्याला? हो बाजूला!"

ऑर्विननं त्याला ढकललं आणि विजेरी खाली धरली. पुसायची राहिलेली चार-पाच पावलं तिथे होती. लहान बूट. डाव्या पायाची फरपट. कमरेच्या ऑपरेशनपासून तो पाय असाच ओढला जाई, हे ऑर्विनला कुणी सांगायला नको होतं. पावलं त्याच्याच घराकडून आली होती आणि तिकडेच परत गेली होती.

"तुला सांगणार कसं होतो, गड्या?" लाइल खाली बघत म्हणाला.

ऑर्विन वळला. लाइलची माफी मागायचं भान त्याला राहिलं नाही.

दारात आर्डिसचे बूट ओले होते. टेबलावर वर्तमानपत्र, शेजारी कॉफी. तो काही बोलण्याआधीच चढावरून ट्रकच्या पात्याची खरखर ऐकू आली आणि आर्डिसचा चेहरा उतरला. दोन वर्षांत हा चेहरा आपण एकदाही नीट पाहिला नाही, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"का गं?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या बुटांवरचा बर्फ पाहिला आणि काय ते समजली.

"दमले रे. चार-चार तास त्या खुर्चीत. नको म्हटलं असतं तर तू रडला असतास. रस्ता बंद असला की मला नको म्हणावं लागत नाही."

ट्रक त्यांच्या दारावरून गेला. ऑर्विन तिच्यासमोर बसला. गाडीची किल्ली त्यानं खिशातून काढली आणि टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवली.

"आज जायचं का?" त्यानं विचारलं. एवढ्या दिवसांत त्यानं तिला हे कधी विचारलंच नव्हतं. तो नुसता गाडी काढायचा.

आर्डिसनं किल्लीवर हात ठेवला.

"बुधवारी परत विचारशील?"

"विचारीन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर रडेन," तो म्हणाला. "पण गाडी नाही काढणार."

"मग आज जाऊ," आर्डिस म्हणाली आणि ओले बूट पुन्हा पायात घालू लागली.