घरचा ओव्हन

बायको धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि पाचव्या दिवशी मला भाजलेल्या बटाट्यांची आठवण झाली. आमच्या घरात ओव्हनमध्ये बटाटे भाजून एकवीस वर्षं झाली होती. त्याला कारण मीच.

मी ओव्हन दुरुस्त करणारा माणूस. आता निवृत्त. बेकऱ्या, खानावळी, शाळांची स्वयंपाकघरं, सगळीकडे पेटी घेऊन फिरलो. लोक मला मिस्त्री म्हणायचे. बायकोही चिडली की तेच म्हणते. खानावळीतले कुरकुरीत बटाटे खाऊन जीभ सोकावलेली, आणि घरी मात्र बायकोचे बटाटे मऊ, तेलकट, पिवळट. बरं, माझ्या जिभेला हाड नाही. पाहुण्यांसमोर बशी पुढे करून म्हणायचो, "घ्या, उकडलेले बटाटे, तेलात आंघोळ घालून!" सगळे हसायचे. तीही हसायची. तिचं ते हसणं मी गाढवाने कधी नीट बघितलंच नाही.

मग एकदा शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईंनी तिला विचारलं, आमच्याकडे कामाला येतेस का? दीडशे मुलांचं जेवण होतं. दोन दिवस ती घरभर गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी माझे थोरले भाऊ जेवायला आलेले, विषय निघाला, आणि मी म्हणालो, "घरच्या चार माणसांचे बटाटे जमत नाहीत, आणि निघाली दीडशे पोरांना जेवू घालायला!" भावाला हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत नाही म्हणून कळवलं आणि बटाट्यांचा ट्रे माळ्यावर टाकला. मी म्हटलं, चला, कटकट गेली.

तर आता घरात एकटाच होतो. म्हटलं, त्यात काय एवढं? आयुष्यभर तिला शिकवत आलो, आज करूनच दाखवतो. ट्रे उतरवून घासला. बटाट्यांचे मोठे तुकडे केले, मीठ घालून कडा मऊ होईपर्यंत उकडले, पाणी निथळून वाफ जाऊ दिली. पातेल्यावर झाकण दाबून चांगले खडखडून हलवले, म्हणजे कडा खरबरीत होतात आणि तिथंच कुरकुरीतपणा धरतो. ओव्हन दोनशेवीसवर लावला, ट्रेमध्ये तेल तापवलं, तुकडे सुटे सुटे मांडले. दार मध्ये एकदाही उघडलं नाही. पाऊण तासाने ट्रे बाहेर काढला.

मऊ, तेलकट, पिवळट.

आधी बटाट्यांना शिव्या घातल्या, मग तेलाला. अजून वीस मिनिटं ठेवले, काही फरक नाही. मग मात्र माझं लक्ष ओव्हनकडे गेलं. पेटीतून तापमान मोजायचा मीटर काढला, त्याची तार आत सोडली आणि स्टूल घेऊन समोर बसलो. आकडा चढत चढत एकशेसत्तरला आला आणि तिथंच बसून राहिला. दोनशेवीस लावा, अडीचशे लावा, तो हलायला तयार नाही. केकला तेवढी आच पुरते, म्हणून केक नेहमी बरे व्हायचे आणि कधी कुणाला शंका आली नाही. निदान मला तरी.

हा ओव्हन मीच आणलेला. एका खानावळीने काढून टाकला होता, तो मी खांद्यावरून आणून स्वतःच्या हाताने बसवला. गावभरचे ओव्हन तपासले, घरचा कधी तपासला नाही. मिस्त्रीच्या घरचा ओव्हन बिघडेल कसा, ही माझी मिजास! आच ठरवणारा थर्मोस्टॅट बाद झाला होता. बदलायला अर्धा तास लागला. अर्धा तास, आणि मी तिचा सगळा जन्म टोमणे मारण्यात घालवला.

बारा दिवसांनी ती आली. चहा झाल्यावर मी बशी पुढे ठेवली. तिनं एक तुकडा उचलला. कर्रकन आवाज आला.

"कुठून आणलेत?"

"मी केले. आपल्याच ओव्हनमध्ये." मग सगळं सांगून टाकलं. "तो तापतच नव्हता गं. तुझं काहीच चुकत नव्हतं. मी उगाच तुला चारचौघांत..."

ती शांतपणे चावत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या ओव्हनमध्ये केले होते एकदा. असेच झाले. तुम्हाला येऊन सांगितलं, आपला ओव्हन तापत नाही, जरा बघा. तुम्ही म्हणालात, मिस्त्री मी आहे की तू?"

मला आठवेना. देवाशप्पथ आठवेना. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही.

"अगं, मग शाळेत का नाही गेलीस? माहीत होतं तर..."

"माहीत होतं हो. पण रोज तेच ऐकलं की माहीत असलेलंही खरं वाटेनासं होतं. तिथंही मऊच झाले असते तर? पोरांसमोर कुठं तोंड दाखवलं असतं?"

"अजून कर ना. शाळा आहेत, खानावळी आहेत. मी स्वतः जाऊन विचारतो."

"आता?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता गुडघे दहा मिनिटं उभं राहू देत नाहीत. आणि खरं सांगू? गुडघ्यांच्या आधी इच्छा गेली."

ती एकेक तुकडा उचलून सावकाश खात राहिली, बशी रिकामी होईपर्यंत. मला एकही घ्या म्हणाली नाही, आणि मी मागितलाही नाही.