पेजेतली पावडर

वनरक्षकाच्या भरतीत बायकांना चार तासांत सोळा किलोमीटर चालून दाखवावं लागायचं. मी सरावाला निघाले की बारा किलोमीटरवरच पाय गळायचे. चाचणी महिन्यावर आली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुणावर तरी खेकसावंसं वाटे. यंदा जमलं नाही तर बाबा माझं लग्न उरकणार होते, हे अख्ख्या केशोरी गावाला ठाऊक होतं.

गोंदियात जिम चालवणाऱ्या राजदीपनं, माझ्या मामेभावानं, मला व्हे प्रोटीनचा डबा दिला. पनीर करताना दुधाचं जे पाणी उरतं त्यापासून ही पावडर करतात, म्हणाला. चालून आल्यावर एक माप थंड पाण्यात घ्यायचं, बस. पण हे जेवणाच्या बदली नाही. डाळ, अंडी, भात पोटभर खायचं आणि कमी पडेल तेवढंच यातून भरून काढायचं. मी मान डोलावली. आमच्या घरात काय कमी पडतं आणि कुणाला, हा विचार काही डोक्यात आला नाही.

डबा मायच्या हवाली केला. मी पहाटेच निघायची. परत येईस्तोवर एक माप कालवून ठेव, एवढंच तिला सांगितलं. आले की ती पेजेचा पेला पुढे करायची. यातच घातली आहे, म्हणायची. पेज पातळ असायची, पण गोडसर लागायची, म्हणून माझा विश्वास बसला.

पंधरवडा गेला तरी पाय तसेच. माझा थोरला भाऊ रत्नपालदादा मात्र भलताच तरतरीत दिसायला लागला. यंदाच्या तांदळाच्या पेजेला काय चव आहे, असं बाबा दोनदा म्हणाले.

एके दिवशी चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परतले. माय चुलीवरच्या पेजेच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, डबा उपडा करून पळीनं गुठळ्या मोडत होती. मग तिनं बाबांना आणि दादाला दोन-दोन पेले वाढले. तळाशी उरलं त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि माझा पेला भरून झाकून ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माय, काऊन असं करून राहिली?"

"ताकदीची चीज आहे, बाई. बापाले, भावाले सोडून एकटीले कशी देऊ? तुह्या वाट्याची ठेवलीच ना."

तिला खरंच वाटत होतं की तिनं न्याय केला. रागवायचं तरी कसं? अल्कावहिनी गंज घासायला ओढत होती. सहावा महिना चालू होता तिला, तोंड पांढरंफटक. ती खाली बघत म्हणाली, "तुमच्या वाट्याले पाणी तरी गोड येते, ताई. मी तं गंज खरवडून खातो."

त्या दिवशी मी जेवणावर नजर ठेवली. बांधावरच्या तुरीची घट्ट डाळ आधी पुरुषांना. मग उरलेल्या डाळीत गरम पाणी आणि ती आम्हाला. डबा रिकामा झाला होता, चाचणी तोंडावर होती, आणि बाबा बुद्धविहारात समतेवर भाषणं द्यायचे.

रात्री पळी मीच घेतली. डाळ तळापासून ढवळली आणि पाच ताटं सारखी वाढली. बाबांनी हे काय नवीन म्हणून विचारलं.

"विहारात तुमीच सांगता ना, बाबा. घरात काऊन उलटं?"

त्यांनी ताट पुढे ओढलं. दादानं आणखी डाळ मागितली तर ती संपली होती. वहिनीनं ताट पुसून खाल्लं. माय मात्र आपलं ताट झाकून बसली. पुरुषांचं जेवण उरकण्याआधी घास तिच्या घशाखाली उतरेना. तिच्यासाठी ठेवलेली डाळ ती दुसऱ्या दिवशी दादाला वाढायची. मी रोज भांडायची. रोज ढवळायची.

चाचणीच्या दिवशी बारा किलोमीटर कधी मागे पडले ते मला कळलं नाही. वेळेच्या आत पोहोचले. पुढे यादीत नाव आलं.

त्या संध्याकाळी माय पहिल्यांदा आमच्यासोबत जेवायला बसली. भातावर डाळ घेतली, घास तोंडात घातला आणि थांबली.

"इतकी चव आहे आपल्या डाळीले?"

ती डाळ लग्नापासून तीच शिजवत आली होती.