चौथी पायरी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी टीमप्रमुख सहानानं चाचणीच्या तीन मशीनपैकी एक कायमचं काढून टाकलं आणि घड्याळ लावलं.

हिनकल उपनगरातल्या त्या ऑफिसात दवाखान्यांच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर बनतं. ते कंटेनरांत, म्हणजे आपापले सुटे चालणाऱ्या छोट्या भागांत, विभागून चालतं. कोणता कंटेनर कोणत्या मशीनवर ठेवायचा, मशीन पडलं तर कुठे हलवायचा, हे सांभाळणारं साधन आज ठरायचं होतं. स्वॉर्म हे साधंसुधं साधन विश्वजीत चार वर्षं चालवत होता. दवाखाने चाळीसांवर गेले, म्हणून त्याची सहकारी अदिती हिला मोठा पसारा पेलणारं कुबरनेटीज हवं होतं. पण सोमवारपासून ती सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती, आणि तेवढे महिने ऑफिसचा फोन वाजू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

सहानाचा नियम कडक होता. साधन सुचवणाऱ्यानं हात लावायचा नाही, बोलायचं नाही. दुसऱ्यानं त्याच्या टिपणांवरून वीस मिनिटांत नवं मशीन जोडायचं. सकाळी अदितीनं स्वॉर्मचं काम अकरा मिनिटांत उरकलं होतं.

"तोंडाला कुलूप हं," विश्वजीत म्हणाला.

"घातलंय. तुम्ही टाइप करा."

"बोललीस! एक मिनिट दंड," सहाना म्हणाली.

सातांपैकी तीन पायऱ्या सरळ झाल्या. चौथीला लाल ओळ आली: परवानगी नाही. विश्वजीतनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"अय्यो, मीच चुकलो काय?"

खोट कुठे आहे ते अदितीला लगेच कळलं. त्या पायरीला लागणारी, परवानगी देणारी किल्लीची फाइल फक्त तिच्या लॅपटॉपवर होती. रोज हाताशी असल्यानं ती टिपणांत लिहायचं तिला सुचलंच नव्हतं.

दंड धरून वीस मिनिटं भरताच सहानानं घड्याळ थांबवलं. "मग स्वॉर्मच?"

"चूक माझी आहे, कुबरनेटीजची नाही," अदिती म्हणाली.

"रजेवर असताना कळली असती तर?"

विश्वजीतच म्हणाला, "किल्ली द्या, आणि स्वल्प वेळ. सहा महिने मलाच राखायचंय ना? बघू तरी, जमतंय काय ते."

सहानानं पाचपर्यंत मुदत दिली. अदितीनं किल्ली टीमच्या सामायिक जागेत ठेवली, टिपणांत ती ओळ घातली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

चार बावन्नला विश्वजीत सहाव्या पायरीवर होता. सहानाच्या निवडीच्या फॉर्मवर साधनाच्या नावाची जागा अजून रिकामी होती.