चाळीस लिटर दूध

तलाठी भरतीचा अभ्यास नाचणे गावातल्या त्या घरात आधी एकट्या सुमेधाचा होता. दोन वर्षं ती स्वयंपाक आटोपून जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसायची. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि केळशीची स्वानंदी घरात आली. तिनेही अर्ज भरला. "ताई, मला गणित शिकवाल?" म्हणाली. सुमेधाने हौसेने शिकवलं. आधी गुणोत्तर, मग मिश्रण.

महिन्याभरात हौस फिटली. चाळीसचे आणि साठचे तांदूळ कसे मिसळले तर किलोला पंचेचाळीस पडतील? सुमेधा क्ष धरून समीकरण मांडेपर्यंत स्वानंदी तिरक्या वजाबाक्या करून मोकळी.

"तीनास एक. मोबाईलवर एक सर शिकवतात, ताई."

"अगो, हिचं डोकं काय चालतं," सासरे आप्पा कौतुकाने म्हणाले. सुमेधाच्या डोक्याबद्दल दोन वर्षांत ते चकार शब्द बोलले नव्हते. तेव्हापासून स्वानंदीने पेन उचललं की सुमेधा आपली वही जवळ ओढून घ्यायची.

परीक्षेच्या आदल्या दुपारी स्वानंदीने कागद पुढे सरकवला. चाळीस लिटर दूध. त्यातलं चार लिटर काढून तितकंच पाणी घातलं, असं एकूण तीनदा केलं. दूध किती उरलं? तिने तीनदा चार वजा करून अठ्ठावीस लिहिलं होतं.

"बरोबर ना?"

दुसऱ्यांदा काढताना दुधाबरोबर पाणीही जाणार, हे सुमेधाला पक्कं ठाऊक होतं. तिने कागद परत दिला.

"बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेर स्वानंदी तिची वाटच बघत होती. "ताई, ते दुधाचं आलं होतं. अठ्ठावीसवर क्लिक करणार, तेवढ्यात लक्षात आलं, काढलेल्यात पाणीही असणार. म्हणून दर वेळी दहावा भाग कमी केला. एकोणतीस पॉइंट सोळा." मग तिचा चेहरा उतरला. "तुम्ही अठ्ठावीसच केलंत ना? काल दोघींचंही चुकलं हो."

सुमेधाने बरोबर उत्तरच निवडलं होतं. पण तसं म्हणावं, तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न आलाच.

"हो," ती म्हणाली. "अठ्ठावीसच केलं."

संध्याकाळी आप्पांच्या कानावर गेलं. "एका गणिताने काय होतंय," ते म्हणाले. "पण स्वानंदी, तिला एकदा नीट समजावून दे. पुढे उपयोगी पडेल."

स्वानंदी खुर्ची ओढून शेजारी बसली. सावकाश, एकेक पायरी लिहीत सांगू लागली. सुमेधा मान डोलवत तिच्या चेहऱ्यावर कुठे तोरा दिसतो का ते शोधत होती. तो कुठेच नव्हता. तिला स्वानंदीचा आणखीच राग आला.

"कळलं ना, ताई?"

"कळलं," सुमेधा म्हणाली, आणि भात टाकायला उठली.